अस्वस्थपणे, पाय न टेकता

रुयिएना, रविवार दुपार

प्रिय दाग्निया,

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय. तुझे बाबा घरामागे बटाटे लावताहेत, खिडकीतून त्यांची वाकलेली पाठ दिसते. ते आत यायच्या आधी जेवढं होईल तेवढं लिहायचं असं ठरवून बसले, आणि बसल्यापासून तीनदा उठले. एकदा रुबार्बचा केक ओव्हनमधून काढायला, ते समजण्यासारखं. बाकी दोनदा कशाला उठले ते मलाच ठाऊक नाही. खिडकीशी जाऊन आले, नळ घट्ट बंद आहे का बघून आले. गेले काही महिने माझं हे असंच चाललंय. औषधाच्या दुकानातसुद्धा गिऱ्हाईक गेलं की मी काउंटरमागे इकडून तिकडे फिरत असते. परवा एका आजीबाईंनी विचारलं, "रास्मा, तुझं काय हरवलंय गं?" मी म्हटलं, "सापडलं की सांगते."

तुझा राग अजून गेला नसणार. फेब्रुवारीतल्या त्या फोननंतर तू घरी फोन केला नाहीस. ईस्टरला माझ्या मोबाइलवर चार ओळी आल्या, त्यात बाबांचं नाव नव्हतं. मी तुला दोष देत नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, कदाचित याहून वाईट. पण त्या दिवशी फोनच्या या टोकाला काय झालं ते तुला माहीत नाही, आणि ते सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल. थोडा धीर धर.

मागच्या शरदात तुझं गाणं टपालाने आलं तो दिवस आठवतो. गायन महोत्सवाच्या समितीने ते सगळ्या गायकवृंदांसाठी निवडलं होतं, म्हणजे उन्हाळ्यात रीगाच्या त्या मोठ्या मंचावर हजारो माणसं 'बर्फ सुटण्याआधी' म्हणणार होती, आणि वर छापलं होतं आमच्या मुलीचं नाव. बाबांनी त्या प्रती छातीशी धरून सगळा बाजार पालथा घातला. मधवाल्याला दाखवलं, मासळीवालीला दाखवलं. मासळीवाली म्हणाली, "इल्मार्स, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण हात माशांचे आहेत, लांब धर." घरी येऊन त्यांनी पियानो उघडला आणि पहिल्या पानावरच अडकले. सहा कोमल स्वरांची ती पट्टी, सगळा खेळ काळ्या पट्ट्यांवर. आणि लयीच्या जागी आकडा छोटा आणि शब्द मोठे: 'अस्वस्थपणे, पाय न टेकता.' बाबा हसले. म्हणाले, "अगदी तिच्यासारखंच आहे. लहानपणी जेवतानासुद्धा एका जागी बसली नाही कधी." ती नदीकाठची मुलगी, होडी पलीकडच्या तीरावर अडकलेली, बर्फ धड घट्टही नाही आणि धड सुटलेलंही नाही, आणि ती नुसती काठाने येरझारा घालतेय. शेवटी तू तिला उत्तर दिलंच नाहीस. गाणं घरच्या सुरावर परत येत नाही, पाय उचललेला असतानाच थांबतं. बाबांनी शेवटचा तो स्वर वाजवला, हात तसाच ठेवला. मग म्हणाले, "हिने लिहिलंय खरं."

तर नेहमीप्रमाणे बाबांच्या हाताखाली गावच्या वृंदाचे सराव सुरू झाले. पहिल्याच सरावाला बेनिता म्हणाली, "सहा कोमल? आम्ही दाग्नियाचं काय वाकडं केलंय?" तिची बेकरी पहाटे उघडते, सरावाला येते तेव्हा केसांत पीठ असतं, पण सोप्रानोंची, बायकांच्या वरच्या आवाजांची बाजू अजून तीच सांभाळते. विल्निस म्हणाला, "शाळेची बस चालवताना मला याच लयीत शिव्या सुचतात, मला जमेल." सगळे हसले, आणि चार-पाच सरावांत गाणं खरंच धावायला लागलं. मला तेव्हा वाटलं होतं, आता काही काळजी नाही.

मग डिसेंबरात बाबांनी लय कमी केली. म्हणाले, शब्द नीट कळत नाहीत. जानेवारीत आणखी कमी केली. त्यानंतर एके दिवशी त्यांनी पट्टीच खाली आणली, चांगली दीड स्वर खाली. म्हणाले, सोप्रानोंचा गळा ताणला जातो. बेनिता म्हणाली, "माझा गळा मी सांभाळीन, तू तुझं सांभाळ." पण वृंदात शेवटी संचालकाचंच चालतं, तुला माहीतच आहे. गाणं खाली गेलं आणि रडायला लागलं. ती मुलगी चालायची थांबली आणि कोणाच्या तरी थडग्याशी जाऊन बसली. टेनर पुरुषांच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "या वेगाने म्हटलं तर बर्फ सुटेलच काय, उन्हाळा येऊन जाईल." बाबांनी लक्ष दिलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, लक्ष दिलं नाही असं नव्हतं ते.

त्याच दिवसांत विल्निसने सरावाचं चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकलं आणि ते हेलसिंकीत तुझ्यापर्यंत पोचलं. तू फोन केलास. मी याच टेबलाशी वाटाणे निवडत बसले होते, बाबा दारात उभे राहून बोलत होते. तुझा आवाज मला इथवर येत होता, दाग्निया. शब्द न् शब्द येत होता. "बाबा, मी नदीकाठी तळमळणारी मुलगी लिहिली होती. तुम्ही तिची प्रेतयात्रा काढलीत. माझी पट्टी का बदललीत? कोणाला विचारून?" आणि बाबा हसतमुखाने म्हणाले, "हो, हो. छान झालंय ना? मला वाटलंच होतं तुला आवडेल." मग तू फोन ठेवलास. बाबांनी फोन खिशात टाकला, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "खूश आहे पोरगी."

तू काय समजलीस ते मला कळतं. आपला बाप आपली टिंगल करतोय असंच कोणालाही वाटेल. पण ती टिंगल नव्हती, बाळा. त्यांना तुझं बोलणं ऐकूच आलं नव्हतं.

हे वाक्य लिहून मी पुन्हा उठले. बाबांना ताक नेऊन दिलं. त्यांनी सरी दाखवून विचारलं, सरळ आहे ना? मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, सरळ आहे. सरळ नव्हती.

तीन-चार वर्षं झाली. आधी पक्षी गेले. वसंतात मी म्हणायची, करकोचे आलेत, खांबावर चोची वाजवताहेत, आणि ते नुसते वर बघायचे. मग दाराची बेल गेली, मग किटलीची शिट्टी. उजवा कान तर त्या जुन्या दुखण्यात केव्हाच गेला होता, पण डावा चांगला होता, म्हणून आम्ही कधी मनावर घेतलं नाही. मग डावाही वरच्या सुरांपासून विझत खाली यायला लागला. रीगाला जाऊन कानाचं यंत्र आणलं. बोलण्यापुरतं ते बरं आहे, पण वृंदासमोर घातलं की म्हणतात, "चाळीस माणसं पत्र्याचे डबे बडवताहेत असं वाटतं." म्हणून सरावाला जाताना ते काढून पेटीत ठेवायचे. लय का कमी झाली ते आता तुला कळलं असेल. ते आवाजांची वाट बघत होते. पट्टी का उतरली? कारण खाली, खर्जात, त्यांना अजून काहीतरी सापडत होतं. तुझं गाणं ते आपल्या कानाच्या टप्प्यात आणत होते, एवढंच. त्यात ते दुःखी झालं, तो त्यांच्या मनातला भाव नव्हता. निदान त्यांनी ठरवून आणलेला तरी नव्हता.

मला त्यांनी कोणालाही सांगायचं नाही असं बजावलं होतं, आणि तुला तर मुळीच नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "का? मुलगी आहे ती तुझी, परकी आहे का?" तर म्हणाले, "तिला कळलं तर ती माझ्यासाठी सोपं लिहील." आणि फोनवर सांगावं तर दुकानात गिऱ्हाइकं कान देऊन असतात, घरी ते समोर असले की माझे ओठ वाचतात. हल्ली त्यांना ते इतकं चांगलं जमतं, की मी मनातल्या मनात काही पुटपुटले तरी उत्तर देतात. म्हणून हे पत्र.

पण गुपित कसलं राहतंय. मार्चमधला एक सराव सांगते. सांस्कृतिक भवनाच्या हॉलमध्ये थंडी होती, आम्ही कोट घालूनच गात होतो. दुसऱ्या कडव्यात सोप्रानोंना वर चढायचं असतं, तिथे बेनिताला जोराची शिंक आली, तिच्या शेजारणीला हसू फुटलं, आणि ते हसू आगीसारखं पसरत आम्हा आल्टोंपर्यंत, बायकांच्या खालच्या आवाजांपर्यंत आलं. सगळ्या बायका थांबल्या. मीसुद्धा. बास पुरुष तेवढे आपले खर्जात चालू होते, मान खाली घालून, नांगर चालावा तसे. आणि बाबा हातांनी इशारे देत राहिले. सोप्रानोंकडे वळून, डावा तळवा वर करून, हळूहळू, अजून थोडं, आता फुलू दे असं. कोणी गात नव्हतं, दाग्निया. तिथे कोणाचाही आवाज नव्हता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की जणू तो चढ आजवर कधी इतका सुंदर झाला नव्हता. हसू कुठल्या कुठे पळालं. बेनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग तिनेच आधी, मग सगळ्यांनी, जिथे असायला हवं होतं तिथून गाणं पुन्हा धरलं. बाबांना काही कळलं नाही. संपल्यावर म्हणाले, "आज वरचा चढ चांगला झाला." विल्निस म्हणाला, "झाला खरा," आणि टोपीत तोंड घालून बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बेनिता दुकानात आली. घशाच्या गोळ्या मागितल्या, पैसे दिले आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, "आम्ही तुला काही विचारणार नाही, रास्मा. तू पण काही सांगू नकोस. आपल्या तोंडाने तो सांगेल तेव्हा सांगेल. तोवर सूर आम्ही आपसात धरतो." मी म्हटलं, "कसले सूर?" तर म्हणाली, "गप गं. बेकरीवाली आहे मी, मातीचा गोळा नाही." आणि जाताना माझ्या पिशवीत तिने खारवलेल्या मांसाचे गरम पाव कोंबले, जसं घरात कोणी आजारी असलं की करतात.

त्यानंतर आमचं एक विचित्र नाटक सुरू झालं. महोत्सवाला कोणते वृंद जाणार हे ठरवणाऱ्या निवड फेरीचा नियम आहे की महोत्सवाचं गाणं छापलेल्या पट्टीत आणि छापलेल्या लयीतच म्हणायचं. त्यामुळे बाबांना तुझ्याकडे परत यावंच लागलं. सहा कोमल, धावती लय, वर जाणारे सोप्रानो, म्हणजे जिथे त्यांच्यासाठी आता काहीच उरलेलं नाही अशी जागा. वृंद एकमेकांचा श्वास ऐकून गायला लागला, आणि हात बघितल्याचं सोंग करायला लागला. आणि घरी बाबा चालायला लागले. स्वयंपाकघर ते ओसरी, ओसरी ते स्वयंपाकघर, तुझ्या लयीत. जेवण टाकून चालायचे. बर्च झाडांचा रस उतरायचे दिवस होते, मी बादल्या बदलून आत यायची तर हे चालताहेत, ओठ हलताहेत, उजव्या हाताने मांडीवर ताल. मी विचारलं, "ऐकू येत नाही तर मोजतोस कशावरून?" म्हणाले, "पायांना येतं." त्यांचं पाहून माझेही पाय चालायला लागले ते अजून थांबले नाहीत. एकदा तर आम्ही दोघं समोरासमोरून येऊन दारातच धडकलो. म्हणाले, "होडी कुठल्या काठाला आहे?" मी म्हटलं, "नेहमी पलीकडच्याच." आम्ही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

निवड फेरी एप्रिलच्या एका शनिवारी वाल्मिएरात झाली. आजूबाजूच्या गावांचे सगळे वृंद, भवनाच्या पॅसेजमध्ये पारंपरिक घागऱ्यांची गर्दी, केसांच्या पिना तोंडात धरून बोलणाऱ्या बायका. बाबा एका कोपऱ्यात पांढऱ्या फटक चेहऱ्याने उभे होते. मी त्यांच्या गळ्याशी चांदीची ती मोठी पिन नीट लावून दिली. त्यांनी नुसतं माझं मनगट धरलं.

आमचा नंबर आला. बाबांनी सूर देणारा नादकाटा गुडघ्यावर आपटून दाढेवर टेकवला, त्याची थरथर त्यांना हाडातून कळते. परीक्षकांतलं कोणीतरी हसलं, जुन्या माणसाची लकब म्हणून. मग त्यांनी चारही आवाजांना सूर दिला, तो अगदी अचूक होता, आणि हात उचलला. लय पण अचूक, दाग्निया! पहिलं कडवं असं गेलं की मला वाटलं, तू ऐकायला हवी होतीस. ती मुलगी खरंच काठाने पळत होती. दुसऱ्या कडव्यात टेनर एक श्वास आधी शिरले. घाई, भीती, काय म्हणायचं ते म्हण. आल्टो त्यांच्यामागे गेले, सोप्रानो जागेवर राहिले, आणि गाणं मधोमध फाटलं. कुठलाही संचालक तिथे एका बोटाने सावरतो. बाबा सुंदर हात देत होते, पण फाटण्याच्या दोन्ही काठांपैकी एकावरही ते नव्हते. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. ते आमच्या तोंडांकडे बघत होते, एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर, आणि मला दिसलं की आमच्या तोंडांची लय जुळत नाहीये हे त्यांना कळलं.

त्यांनी हात खाली घेतले.

मला वाटलं, संपलं. पण कोणी थांबलं नाही. ते नाटक आम्ही महिनाभर केलं होतं ना, ते आता कामाला आलं. बेनिताने मान उंच करून असा श्वास घेतला की शेवटच्या रांगेला दिसावा, आणि पुढच्या ओळीवर सगळे एकत्र पडलो. बाबा मंचावरून आमच्याकडे चालत आले. सरळ बासांच्या रांगेत शिरले, विल्निसच्या शेजारी उभे राहिले, त्याच्या पाठीवर हात सपाट ठेवला, आणि गायला लागले. समोरची जागा रिकामी. तिसरं कडवं आम्ही कोणाच्याही हाताशिवाय म्हटलं. तुझा तो शेवटचा अधांतरी स्वर कधी सोडायचा हे आम्हाला कोणी सांगायला नव्हतं, म्हणून आम्ही तो कोणालाच सोडवेना इतका वेळ धरला, आणि मग तो आपोआप सुटला.

टाळ्या आधी वाजल्याच नाहीत. वाजवायच्या की नाही ते कोणाला कळेना. परीक्षकांच्या प्रमुख बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "वृंद उत्तम आहे. पण संचालक का निघून गेले, हे मला समजेल का?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना प्रश्न ऐकू आला नव्हता, पण दुसरं काय विचारणार! मी तोंड उघडणार तोच ते पुढे आले आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाले, "मला ऐकू येत नाही. त्यांना येतं. म्हणून मी तिकडे गेलो." बाई उभ्या राहिल्या. आम्हाला पहिली श्रेणी मिळाली नाही, फाटलं ते फाटलंच आणि त्याचे गुण गेलेच, पण महोत्सवात जागा मिळाली.

परतीच्या बसमध्ये बाबांनी ड्रायव्हरचा माइक घेतला आणि सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की त्यांना बरेच दिवस ऐकू येत नाही, आणि त्यांनी ते लपवलं. मग मागून विल्निस ओरडला, आणि उठून उभा राहून ओरडला, म्हणजे बाबांना तोंड दिसावं, "इल्मार्स, सगळ्या गावाला ठाऊक आहे रे! ही बातमी तुझ्यापर्यंत पोचायलाच उशीर झाला!" इतकं हसणं मी त्या बसमध्ये कधी ऐकलं नव्हतं. बाबा आधी गोंधळले, मग खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून हसत राहिले, आणि मग ते हसणं राहिलं नाही. बेनिताने त्यांच्या हातात पाव दिला.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर, बूट काढता काढता, त्यांनी विचारलं, "त्या फोनवर दाग्निया नक्की काय म्हणाली होती? खरं सांग." ईस्टरला तुझा फोन आला नाही तेव्हापासून त्यांच्या मनात काहीतरी होतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, तुझ्याच शब्दांत. एक बूट पायात, एक हातात, असे ते बसून राहिले. मग म्हणाले, "बरोबर म्हणाली ती. प्रेतयात्राच होती." थोड्या वेळाने, "आणि मी छान म्हणालो?" मी मान हलवली. "शहाणाच आहे मी," म्हणाले, आणि उठून ओसरीवर गेले. तेव्हापासून रोज फोन हातात घेतात, तुझं नाव काढतात आणि ठेवून देतात. ऐकू येणार नाही अशा फोनवर माणूस माफी कशी मागणार? मी म्हटलं, दोन ओळी लिहून पाठव. म्हणाले, "लिहून पाठवण्यासारखी गोष्ट नाही ती."

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. ते पाणी घालायचा झारा शोधताहेत, म्हणजे आत यायला फार वेळ नाही. रीगाच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली आहे, जूनच्या पहिल्या आठवड्यातली. नाही म्हटलं तर पुन्हा लांबलचक रांग. उजवा कान पार गेलेला म्हणून डाव्यालाच करणार, आत यंत्राची तार घालणार. नंतर बोलणं कळेल, बहुतेक फोनसुद्धा. पण तिथे स्वतःचं जे थोडंसं ऐकू येणं उरलंय, खर्जातलं, ते जाण्याची दाट शक्यता आहे. बाबांनी विचारलं, "आणि गाणं?" डॉक्टरांनी खरं ते सांगितलं: गाणं यंत्रातून कसं लागेल ते आज कोणी सांगू शकत नाही, काहींना पुन्हा गोड लागतं, काहींना कधीच नाही. बाबांनी मान डोलावली आणि सही केली, कारण त्यांना तुझ्याशी बोलायचंय. बसथांब्यावर एवढंच म्हणाले, "त्याआधी एकदा ते तिच्या हाताखाली म्हणता आलं असतं तर." मग एकदम म्हणाले, "तिला कळवू नकोस, तिची कामं असतील." मी मान हलवली, आणि हे लिहिलं. तू ये, दाग्निया. मेच्या शेवटच्या रविवारी आपल्या हॉलमध्ये सराव आहे; हेलसिंकीहून बोटीने पलीकडे आलीस की तार्तूहून येणारी बस वाल्मिएराला थांबते, विल्निस गाडी घेऊन येईल, मी त्याला सांगून ठेवलंय. समोर तू उभी राहा. ते बासांच्या रांगेत विल्निसच्या पाठीवर हात ठेवून उभे राहतील, आणि जेवढं उरलंय तेवढ्यात तुझं गाणं घेतील. भेटल्यावर रागवायचं असेल तर रागव, ते त्यासाठी तयार आहेत. फक्त त्यांच्यासमोर उभी राहून बोल, आणि सावकाश बोल. गाणं मात्र मुळीच सावकाश घेऊ नकोस.

त्या रविवारी वाल्मिएराच्या बसथांब्यावर विल्निसबरोबर उभी असणारी,
तुझीच
आई